तुळसाचं कोरं पान

ऐका मंडळी. फार वर्षांपूर्वी आपल्या कोंढुरच्या जत्रेत परमुलखातून एक बाजा आला होता. घराएवढा! चाक फिरवलं की शंभर माणसं एकदम गायल्यासारखा वाजायचा. जत्रा पांगली, पण येसाजी सुतार तीन दिवस त्या बाज्याखाली उताणा पडून आत बघत राहिला.

त्याची बायको तुळसा नुकतीच गेली होती. पहाटे ती दळताना गायची, तेव्हा वाटसरू वाट विसरायचे असं म्हणतात. येसाजीला एकच धास्ती होती, की हा आवाज एक दिवस आपण विसरून जाऊ. म्हणून त्यानं स्वतःच बाजा करायला घेतला.

सात वर्षं लागली. बांबूच्या एकशेएक नळ्या, बैलगाडीएवढे दोन भाते आणि पुठ्ठ्याची लांबच लांब घडीची पोथी. पोथीत भोक आलं की वारा सुटायचा आणि नळी बोलायची. तुळसाचं गाणं त्यानं भोकाभोकानं कोरलं. माणूस थकतं, बाजा थकायचा नाही, या हट्टानं बोटभरही जागा कोरी सोडली नाही.

जत्रेच्या दिवशी दोन पैलवानांनी चाक फिरवलं. सूर असा उठला की बैल माना उंचावून उभे राहिले. आणि अर्ध्यावर बाज्याला धाप लागली. भाते चिपाडासारखे चिपटले. तीनदा तसंच झालं. लोक फिदीफिदी हसले. येसाजीनं कुऱ्हाड उचलली.

तेवढ्यात त्याची लेक हौसा पुढं झाली. "आबा, आई मूठभर दाणे जात्यात घालायला थांबायची. ती जागा कुठं ठेवलीत तुम्ही?"

येसाजीनं कुऱ्हाड खाली ठेवली आणि तो लहान पोरासारखा रडला. मग त्यानं पोथी मधोमध कापली आणि एक कोरं पान चिकटवलं.

पुन्हा चाक फिरलं. कोरं पान आलं, नळ्या गप्प झाल्या, भाते टम्म फुगले. त्या शांततेत हजार माणसांनी जात्याची घरघर ऐकली असं म्हणतात. मग तुळसाचा आवाज जो उठला, तो सात गावांच्या शिवारांत पोचला.

बाजा अजून आहे. नळ्या कितीदा बदलल्या, पण कोऱ्या पानाला कुणी हात लावत नाही. ते आलं की पाळणेवाला पाळणा थांबवतो, कासारीण बांगडी हातातच धरते, आणि जो तो बाज्यापुढच्या सुपात मूठभर जोंधळे टाकतो. दर साली कुणीतरी नवखा विचारतोच, "बंद पडला का हो?"

शेजारची म्हातारी त्याला दटावते, "गप. तुळसाआई दाणे घालतीय."