शेल्याची पक्की गाठ

नदीच्या अलीकडे ऐलवाडी नावाचं एक गाव होतं. त्या गावात हुतूतू खेळणारे गडी होते सात, आणि कसं खेळावं हे सांगणारे सातशे. गोष्ट फार जुनी आहे. पण ऐकताना मध्ये बोलायचं नाही, आधीच सांगून ठेवते. मध्ये बोलणाऱ्यांचीच ही गोष्ट आहे.

नदीच्या पलीकडे पैलवाडी. दरवर्षी जत्रेच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावांचा हुतूतूचा सामना व्हायचा. जिंकणाऱ्या गावाला तांब्याचा एक मोठा नगारा वर्षभर ठेवायला मिळायचा. नियम असा, की जे गाव लागोपाठ दहा वर्षं जिंकेल, त्याचाच तो नगारा कायमचा. आणि ऐलवाडी नऊ वर्षं हरली होती. रोज संध्याकाळी नदीपलीकडून नगारा घुमायचा आणि ऐलवाडीत कुणाला घास गोड लागायचा नाही.

तुम्ही म्हणाल, गडी कच्चे असतील. मुळीच नाही! गडी चांगले दणकट होते. घोळ होता तो शेल्याचा.

त्याचं असं होतं. समोरच्यांच्या हद्दीत चढाई करायला जाणाऱ्या गड्याच्या कमरेला ऐलवाडीचे लोक तांबडा शेला बांधायचे. तो कुणाला बांधायचा ते पार ठरवायचा. पार म्हणजे वडाखालचा दगडी पार आणि त्याच्यावर सकाळपासून ठाण मांडून बसलेली मंडळी. बरं, बांधला तर बांधला, तो राहू तरी द्यावा! गडी एकदा बाद झाला रे झाला, की सगळा पार एका सुरात ओरडायचा, "शेला सोड!" की लगेच शेला दुसऱ्याच्या कमरेला. तोही बाद झाला, की तिसऱ्याच्या. मागच्या वर्षी एकाच सामन्यात शेला सहा कमरांवरून फिरला होता. सारखा सोडावा लागतो म्हणून गाठही सरकती मारायचे, एक टोक ओढलं की सुटलाच.

यंदा जत्रा पंधरा दिवसांवर आली, तशी पारावर नुसती जुंपली.

"हैबतीलाच द्या शेला," एक जण म्हणाला. "नुसता उभा राहिला तरी समोरचे चळाचळा कापतात."

"उभाच राहतो तो! गुडघा गेलाय त्याचा. दौलू बघा, कसा चपळ आहे."

"चपळ? मागच्या वर्षी रेघ ओलांडायच्या आधीच पडला होता की!"

"मी काय म्हणतो," तिसऱ्याने तोंड घातलं, "माझ्या साडूच्या गावचा एक गडी आहे. त्यालाच आणू."

"तुझ्या साडूच्या गावचं आजवर काय धड निघालंय?"

संघाचा म्होरक्या रावबा एका कडेला बसून हे सगळं ऐकत होता. रावबा बोलायचा कमी. सगळ्यांचे घसे बसले, तेव्हा तो म्हणाला, "सुभाना."

पार खदाखदा हसला. सुभाना म्हणजे गावचा नावाडी. अंगाने काटकुळा, तोंडाने मुका म्हणावा इतका अबोल.

पारावर सगळ्यात मोठा आवाज दाजीबांचा. शेला बांधायचा मान त्यांचा आणि सोडवून घ्यायचाही त्यांचाच. ते म्हणाले, "अरे, त्याची भाकरी दोन्ही काठांवर. त्याचा काय भरवसा?"

"मी रोज त्याच्या नावेतून जातो," रावबा म्हणाला. "ऐन धारेत नाव घालताना तो एक श्वास भरून घेतो आणि धार पार झाल्यावरच सोडतो. एवढा दम आपल्यात कुणाला नाही. मला तोच हवा."

पटलं कुणालाच नाही. पण हैबतीवाल्यांना दौलू नको होता, दौलूवाल्यांना हैबती नको होता, आणि साडूच्या गावचा गडी साडूवाल्याशिवाय कुणालाच नको होता. शेवटी एकमेकांची जिरवायची म्हणून सगळ्यांनी सुभानाला होकार दिला. मोठे निर्णय हे असे होतात, बरं का!

"पण एकदा बाद झाला की शेला सोडायचा," दाजीबांनी बजावलं.

"बघू," रावबा म्हणाला.

सामन्याच्या दिवशी सकाळपासून सुभानाने खेपेमागून खेप करून अख्खा पार पलीकडे नेला. प्रत्येक खेपेला नावेतले लोक त्याला चढाई कशी करायची ते शिकवत होते. एकाने तर नाव कशी वल्हवायची तेही शिकवलं. सुभाना हूं नाही की चूं नाही.

पैलवाडीच्या वाळवंटात मधोमध रेघ ओढली. दाजीबांनी सुभानाच्या कमरेला शेला बांधला. खेळ सोपा होता: ज्या गावाचे सगळे गडी आधी बाद होतील ते हरलं. समोरचा एक बाद केला, की आपला एक बाद झालेला गडी जिवंत होऊन परत आत यायचा.

सुभानाने श्वास भरला आणि "हुतूतूतूतू" करत रेघ ओलांडली. समोरचा कोपऱ्यातला गडी हाताच्या अंतरावर आला. इतक्यात मागून पार ओरडला, "डावीकडे! अरे डावीकडे, तुला दिसत नाही का?"

सुभानाने मागे वळून पाहिलं. एवढंच निमित्त पुरलं! चौघांनी मिळून त्याला वाळूत लोळवलं.

"शेला सोड!" पार गरजला.

रावबाने कानामागे हात धरला. "काय म्हणता? वाऱ्याने काही ऐकू येत नाही."

थोड्या वेळाने पैलवाडीचा गडी चढाईला आला, तेव्हा रावबाने त्याचा घोटा धरून त्याला आडवा केला. सुभाना जिवंत होऊन आत आला. कमरेला शेला तसाच होता. पारावरचे लोक दातओठ खात बघत राहिले.

सुभानाने दुसरी चढाई केली. या वेळी त्याने एकाला हात लावला आणि परत फिरला. रेघ दोन पावलांवर होती. तेवढ्यात पैलवाडीच्या एकाने शेल्याचं टोक धरून ओढलं. गाठ सरकली, शेला घसरला, सुभानाचा हात आपसूक त्याच्याकडे गेला, दम तुटला आणि तो पुन्हा बाद झाला.

इथे नीट ऐका. नऊ वर्षं पैलवाडीवाले हीच युक्ती करत होते. शेला वाळूत पडू दिला तर पार वर्षभर टोमणे मारणार, हे ऐलवाडीच्या प्रत्येक गड्याच्या मनात पक्कं बसलं होतं. म्हणून हात शेल्याकडे जायचाच. आणि ही सैल गाठ कुणी मारली होती? आपल्याच लोकांनी. लाज वाटायला हवी!

आता दाजीबा तरातरा रेघेपाशी आले. त्यांनी हात पुढे केला. "दोन वेळा बाद झाला. आण तो शेला इकडे. दौलू, ये पुढे."

सुभानाने मान खाली घातली आणि स्वतःच शेला सोडायला लागला. रावबाने त्याच्या हातावर हात ठेवला.

"शेला सुटणार नाही," रावबा म्हणाला.

"रीत आहे गावाची!"

"असेल. नऊ वर्षं पाळली ना? नगारा कुठे आहे ते बघा."

"रावबा, हा सामना गेला तर नगारा कायमचा गेला. त्याचं खापर कुणाच्या माथ्यावर फुटणार?"

"माझ्या. दुसऱ्या कुणाच्या नाही."

पारवाल्यांतून कुणीतरी ओरडलं, "हरलास तर परतीच्या नावेत पाय ठेवू नकोस! राहा इथेच पैलवाडीत!"

रावबाच्या घरी म्हातारी आई होती, दोन लेकरं होती. त्याचा चेहरा क्षणभर उतरला. पण तो जागचा हलला नाही. "बरं, नाही ठेवत," तो म्हणाला. मग त्याने दाजीबांकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "दाजी, तुमच्याही कमरेला एकदा हा शेला होता. कितव्या चढाईला सोडवून घेतला तुमच्याकडून?"

दाजीबांचा पुढे केलेला हात तसाच राहिला. "पहिल्याच," ते म्हणाले.

"आणि दुसरी मिळाली असती तर?"

या गोष्टीला तीस वर्षं झाली होती, पण ती एक चढाई दाजीबा रोज रात्री मनातल्या मनात पुन्हा खेळत होते. त्यांनी हात मागे घेतला आणि ते मुकाट्याने वाळूत बसले.

रावबा सुभानाला म्हणाला, "पुरात नाव वाहून जाऊ नये म्हणून कुठली गाठ मारतोस?"

"दुहेरी," सुभाना म्हणाला. हुतूतू सोडलं तर त्या दिवशी तोंडातून निघालेला त्याचा हा पहिला शब्द.

"तीच मार. आणि पाणी लाव तिला."

सुभानाने शेल्याला दुहेरी गाठ मारली आणि नदीच्या पाण्याने ती भिजवली. भिजली की ती गाठ आवळते, मग देवाला हाक मारली तरी सुटत नाही.

खेळ पुढे सुरू झाला. एकेक करून दोन्हीकडचे गडी बाद होऊ लागले. हैबती गेला, दौलू गेला. रावबाने पैलवाडीचा आणखी एक जण लोळवला, त्यामुळे सुभाना आत आला. पण पैलवाडीच्या पुढच्याच चढाईत रावबा स्वतः बाद झाला. मग बाकीचेही गेले. शेवटी ऐलवाडीचा एकटा सुभाना उरला. समोर दोघे होते, दोघेही रेड्यासारखे. चढाई सुभानाची होती. ही गेली की नगारा गेला, आणि रावबाचं घरही गेलं.

पारवाल्यांत चुळबुळ सुरू झाली. एक जण तोंड उघडतोय तोच दाजीबा ताडकन उठले.

"खबरदार कुणी अवाक्षर काढलं तर! त्याचं त्याला खेळू द्या. ज्याला फारच येतंय त्याने रेघेच्या आत जावं. जातोय कुणी? मग बसा गप्प!"

पार गप्प बसला. आपल्या जन्मात पहिल्यांदा गप्प बसला. नदीचा खळखळाट तेवढा ऐकू येत होता, आणि सुभानाला तो ओळखीचा होता.

त्याने श्वास भरला. "हुतूतूतूतूतू..." या वेळी त्याने मागे पाहिलं नाही. तो डावीकडच्याच्या अंगावर गेला, त्याच्या खांद्याला हात लावला आणि सर्रकन फिरला. उरलेल्या एकाने झेप घेऊन नेहमीप्रमाणे शेला धरला आणि ओढला.

गाठ तसूभर हलली नाही.

त्या गड्याला कळेना काय झालं. तो ओढत होता, सुभाना पुढे जात होता. सुभानाचे दोन्ही हात मोकळे होते आणि दम शाबूत होता. धारेत नाव ओढावी तसा एकेक पाऊल टाकत तो त्या धिप्पाड गड्याला रेघेपर्यंत घेऊन आला. त्याने अंग पुढे झोकलं, बोटं रेघेपलीकडे टेकवली आणि मगच श्वास सोडला.

ज्याला हात लावला तो बाद, आणि जो शेला धरून राहिला तोही बाद. नगारा ऐलवाडीचा!

रावबा वाळूतच बसून लहान पोरासारखा रडला. आणि पार? पार काय करणार!

"सुभानाचं नाव पहिल्यांदा मीच घेतलं होतं."

"तू? तू तर साडूच्या गावचा गडी म्हणत होतास!"

"ते असू दे. पुढच्या वर्षी मात्र शेला दौलूला द्यायचा. आण रे सुभाना, सोड तो."

दोघा-तिघांनी गाठ सोडायला बघितलं. एकाचं नख तुटलं.

"राहू द्या," सुभाना म्हणाला. "मी खेळायचा थांबलो की माझ्या हाताने कापून देईन. हाक मारून नाही सुटायची आता."

नगारा नावेत चढवला. नाव केवढीशी, नगारा आणि आठच माणसं मावतील एवढी. लगेच पारावरच्या मंडळींची कोण बसणार यावरून जुंपली. रावबा नावेच्या तोंडाशी आडवा उभा राहिला. "वाळूत जे लोळले ते सात जण बसतील. तुम्ही पुढच्या खेपेला. घाई असेल त्याने पोहत यावं!"

दाजीबा काठावर एका बाजूला उभे होते. त्यांनी काहीच मागितलं नाही. सुभानाने त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "दाजी, तुम्ही या. पण वल्हं धरावं लागेल."

दाजीबा डोळे पुसत नावेत चढले आणि त्यांनी वल्हं हातात घेतलं.

नाव धारेला लागली, तसा मागच्या काठावरून गलका सुरू झाला. "उजवीकडे घ्या! अरे, वल्हं असं धरतात का? दाजीबाला कुणी बसवलं तिथे? उठवा त्याला!"

दाजीबांचं वल्हं चुकलं. नाव हेलपाटली. ते सुभानाला म्हणाले, "अरे बाबा, आत बसल्यावर हे असं ऐकू येतं होय?"

"असंच येतं," सुभाना म्हणाला. "मागे बघू नका."

दाजीबांनी मागे बघितलं नाही. रावबाने टिपरू उचललं आणि नगाऱ्यावर असा काही दणका दिला, की काठावरचा एकही आवाज पुन्हा ऐकू आला नाही.

तात्पर्य मोठ्यांसाठी आहे, लहानांना ते आधीच कळलंय: ज्याच्या कमरेला शेला बांधलात, त्याची गाठ पक्की मारा, आणि तसं जमत नसेल, तर निदान तो परत येईपर्यंत तोंड मिटून बसा.