घरट्यातलं ऊन

एकदा एक शिष्य भर दुपारी आपल्या गुरूंकडे धावत आला. गुरू निसर्गाची छायाचित्रं काढायला शिकवीत. त्यांनी बजावलं होतं, "जंगलात जाऊ नका. घराजवळचं, आठवणीतलं काही टिपून आणा."

शिष्याचं चित्र देखणं होतं. परसातल्या अंजिरावर शिंपी पक्ष्याने पान शिवून केलेलं घरटं, आणि आत लख्ख उन्हात चोची वासलेली तीन पिलं.

"लहानपणी याच झाडावर असं घरटं असायचं," तो म्हणाला. "आई मला जवळ उभं करायची, पण पान उचलू द्यायची नाही. नुसतं ऐक, म्हणायची." एवढं बोलून स्वारी शाबासकीची वाट पाहू लागली.

गुरूंनी चित्र खाली ठेवलं, छत्री उचलली आणि चपला पायांत सरकवल्या. "चल, तुझ्या घरी."

परसात पोचताच त्यांनी छत्री उघडली, ती अंजिराच्या फांदीवर धरली आणि स्वतः उन्हात उभे राहिले.

"गुरुजी, हे काय?"

"शिंपी सावली बघून घरटं शिवतो. तुझ्या चित्रात पिलांच्या अंगावर ऊन आहे. ते कुठून आलं?"

शिष्याचा चेहरा उतरला. पिलं नीट दिसावीत म्हणून त्याने वरचं पान दोऱ्याने मागे बांधलं होतं. दोन मिनिटांत सोडणार होता. चित्र छापायच्या घाईत विसरला. आता त्याने गाठ सोडली, पण कोमेजलेलं पान जागेवर बसेना. आत दोनच चोची उघडल्या. तिसरं पिलू हललं नाही.

गुरू हळू आवाजात म्हणाले, "तुझ्या आठवणीत पिलं दिसतच नव्हती. मिटलेलं पान होतं, आतला चिवचिवाट होता, शेजारी आई होती. ते टिपायचं होतं. जे आईने तुला कधी करू दिलं नाही, नेमकं तेच तू टिपून आणलंस."

शिष्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात आई मागच्या दारात आली.

"काय रे, पट्टा बांधलास ना नीट? दोरा पुरला का?"

कॅमेऱ्याचा पट्टा तुटलाय असं सांगून त्याने तो दोरा तिच्याकडूनच मागून घेतला होता. त्याने गुरूंच्या हातातली छत्री घेतली आणि ऊन उतरेपर्यंत तो फांदीशी उभा राहिला.

संध्याकाळी त्याने दोरा आईला परत दिला, आणि तो कशाला लागला होता तेही सांगितलं.