खिळ्यांची फळी कुणाची?

फार पूर्वी, लोकर विकत आणायची चाल नव्हती तेव्हा, एका डोंगरावरच्या गावात एक सुतारीण राहायची. तिच्याकडे एक फळी होती. मधोमध गोल भोक आणि भोकाच्या कडेनं बिनडोक्याचे खिळे. प्रत्येक खिळ्याला लोकरीचा एक वेढा घालायचा, त्यावर दुसरा घालायचा आणि खालचा वेढा आकडीनं उचलून खिळ्यावरून पलीकडे टाकायचा. झाला एक टाका. असं गोल फिरत राहिलं की विणलेलं कापड भोकातून खाली उतरत जाई आणि टोपी तयार होई.

तेव्हा दुपारी बायका सुतारणीच्या अंगणात जमत. जुना फाटका स्वेटर उसवायचा, लोकर धुवायची, वाळली की समोरचीच्या दोन हातांवर लडी धरायची आणि गुंडा करायचा. गप्पा चालत, भांडणंही चालत, पण हात थांबत नसत. गावात मूल जन्मलं की बाराव्या दिवशी पाळण्यात घालायच्या आधी त्याच्या डोक्यावर त्या फळीवरची टोपी चढलीच पाहिजे, अशी रीत होती. आणि टोपी विणणारीला पाळण्याच्या उशाशी बसायचा मान.

पुढे सुतारणीचे हात कापायला लागले. फळी कुणाला द्यावी, हा प्रश्न आला. शिकलेल्या दोघीच होत्या. एक कासारीण, गावाला बांगड्या भरणारी. दुसरी धनगरीण. कासारणीला ती फळी हवीच होती. मानासाठी हवी होती, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि तिनं ते कधी लपवलंही नाही.

लोहाराच्या घरी मुलगी झाली, तेव्हा सुतारणीनं दोघींना बोलावलं. पहिले पाच दिवस फळी कासारणीकडे, पुढचे पाच धनगरणीकडे. दोघींनी एकेक टोपी विणायची. जिची बाळाच्या डोक्यावर बसेल, फळी तिची. दोघी निघाल्या तेव्हा सुतारणीनं एवढंच सांगितलं, "खिळ्याला लोकर वेढायची, आवळायची नाही."

कासारणीनं ऐकलं आणि सोडून दिलं. सैल टाका म्हणजे आळशी बाईचा टाका, असं तिचं मत. तिनं प्रत्येक वेढा ओढून ओढून घातला. इतका घट्ट, की आकडी खाली शिरेना. पण बोटं दणकट. पाच दिवसांत टोपी झाली आणि काय झाली! भुट्ट्यावर दाणे बसावेत तसे टाके. बायका बघून गेल्या आणि सगळ्या म्हणाल्या, फळी आता हिचीच.

धनगरणीचं मात्र भलतंच चाललं होतं. दुसऱ्या दिवशी एक वेढा निसटला आणि टाके सुटत खालपर्यंत शिडी पडली. तिनं सगळं उसवलं. पुन्हा विणलं, बाळाच्या डोक्याएवढ्या तांब्यावर चढवून पाहिलं, तर टोपी कान झाकतील इतकी खाली येईना. पुन्हा उसवलं. शेजारीण म्हणाली, अगं, तुझी लोकर घालून झिजायच्या आधी उसवूनच झिजेल. धनगरीण हसली आणि तिसऱ्यांदा वेढे घालायला बसली. बारशाच्या आदल्या दिवशी तिची टोपी झाली. एक टाका मोठा, एक बारीक.

बारशाला अख्खं गाव जमलं. आधी कासारणीची टोपी. ती बाळाच्या डोक्यावर टेकवली, ओढली, दाबली. टोपी टाळूवर वाटीसारखी बसली, खाली उतरेना. बाळानं रडून घर डोक्यावर घेतलं.

"बाळाचं डोकंच मोठं आहे," कासारीण म्हणाली.

लोहारीण पटकन म्हणाली, "मग काय, पोरीचं डोकं ठोकून घेऊ? आमच्या घरी ऐरण आहेच."

बायका फिसकन हसल्या. सुतारीण हसली नाही. तिनं कासारणीला जवळ बसवलं. म्हणाली, "तुझ्यासारखा हात गावात कुणाचा नाही, हे मला माहीत आहे. ही टोपी आत्ता इथं उसव, सैल हातानं पुन्हा विण. आज रीतीला धनगरणीची चालेल, तुझी टोपी पोर आठ दिवसांनी घालील, तिला कसली घाई? फळी तुलाच देते."

धनगरीणसुद्धा मान हलवून हो म्हणत होती. लोकरीचं एक टोक तेवढं ओढायचं होतं.

कासारणीनं ते टोक बोटात धरलं. मग सोडलं. "पाच दिवसांचं काम आहे माझं. एवढ्या लोकांत मी नाही उसवणार," असं म्हणून तिनं टोपी पदराआड घेतली आणि उठून गेली.

मग धनगरणीची वाकडीतिकडी टोपी आली. ताणली, चढवली, कान झाकले. पोर हुंदके देत देत झोपून गेली. धनगरीण उशाशी बसली आणि फळी तिच्या मांडीवर आली.

पुढची कितीतरी वर्षं गावातली पोरं तिच्या टोप्या घालून मोठी झाली. टोप्या लहान झाल्या की ती त्याच उसवून मोज्यांना, मफलरला लोकर वापरी. एकच लोकर तीन-तीन भावंडांच्या अंगावरून गेली. कासारणीची टोपी पेटीत डांबरगोळ्यांत जपून राहिली. एक टाका हललेला नाही, रंग उतरलेला नाही, आणि एकही डोकं तिच्यात कधी गेलेलं नाही.

तात्पर्य: ज्याला आपलं चुकलेलं उसवता येत नाही, त्याचं विणलेलं कुणाला ऊब देत नाही.