लिंक उघडणार कोण?

संगणकांना मागे भली मोठी ढेरी असायची तेव्हाची गोष्ट. सुलोचनाबाईंच्या संगणकात ईमेलची पत्रं आणून देणारा टपाल नावाचा प्रोग्राम राहायचा. "इथं कोण काय उघडतं ते मला विचारा," असं तो सगळ्यांना सांगायचा. कोणी विचारलंच, तर गुपचूप शेजाऱ्याला विचारून यायचा.

एकदा पत्रातून लेकीच्या निकालाची लिंक आली. टपालानं सवयीनं ती म्हाताऱ्या ब्राउझरकडे नेली. पान अर्धंच उघडलं. बाई वैतागल्या, "पुन्हा असं झालं तर हा टपाल काढूनच टाकते."

टपालाचा जीव थाऱ्यावर राहिना. तो दारोदार पळत सुटला. "लिंका कोण उघडतं हो?"

"मीच," म्हातारा म्हणाला.

"मीच की," नवा ब्राउझर म्हणाला.

गाणी वाजवणारासुद्धा म्हणाला, "आण इकडे, बघतो."

शेवटी घाम पुसत तो बाईंच्या आवडीनिवडी सांभाळणाऱ्या कारभाऱ्यापुढे, म्हणजे सिस्टिमपुढे, उभा राहिला. "अण्णा, सगळेच मी म्हणतात. खरं कोणाचं मानू?"

"टपालराव, मांडवात फेटेवाल्यांना विचारत फिरलात, तर जो तो मीच नवरदेव म्हणणार. बाईंनी कोणाला पसंत केलंय, हे आधी मला विचारायला काय जीभ झिजत होती?"