सागाच्या वनातली पंगत

राजा प्रतापभानाच्या वनात पानं कुजायची थांबली.

राजाला सागाचं भारी कौतुक. सरळ, उंच, रांगेत उभा, जणू त्याचा दरबारच! म्हणून त्याने करंज, शिरीष, पांगारा अशी सगळी वेडीवाकडी झाडं तोडली आणि नुसता साग लावला. सुरुवातीला वन चित्रासारखं दिसलं. मग खाली राठ पानांचा गुडघाभर थर साचला, जमीन निर्जीव झाली आणि सागाची वाढच खुंटली.

राजवैद्यांनी चिमूटभर मातीची नाडी पाहिली. म्हणाले, हिचे पाचकरस आटलेत, हिला पान पचत नाही. निदान बरोबर होतं. मग त्यांनी वनभर हिंगाष्टक चूर्ण भुरभुरलं. माती ढिम्म!

वनराखा रखमाजी म्हणाला, सागाच्या मधेमधे करंज-शिरीष लावू द्या. त्यांची मऊ पानं लवकर कुजतात, त्यांच्यामागे गांडुळं, बुरशी परत येते आणि तीच मग सागाचंही पान पचवते. राजा भडकला. त्याच्या रांगेत करंज? पौर्णिमेपर्यंत या पानांची माती कर, दुसरं एकही झाड न लावता, नाहीतर राज्याबाहेर चालता हो, असा हुकूम सुटला.

रखमाजी डोक्याला हात लावून बसला. त्याची लेक येसू मात्र उठली ती थेट दरबारात. पानांचं कोडं पौर्णिमेला सोडवते म्हणाली, फक्त महाराजांनी त्या दिवशी वनात पंगत घालावी. वाढायला आम्ही बापलेक आहोतच. बाकी सगळे सरदारच हवेत, नोकरचाकर एकही नको, उगाच शोभा बिघडते. राजाला मुलगी फारच समजूतदार वाटली.

पंगत झकास झाली. सरदारांनी बासुंदीवर तर असा हल्ला चढवला, की तसा शत्रूवर कधी चढवला नव्हता. सगळे हात धुऊन आले, तर उष्ट्या पत्रावळ्या तिथेच. माश्या घोंगावू लागल्या.

"अरे, या उचलणार कोण?" राजाने विचारलं.

एका सरदाराचा हात फक्त तलवारीसाठी राखून ठेवलेला होता. दुसऱ्याच्या घराण्यात आजवर कुणी कमरेत वाकलेलंच नव्हतं. प्रधानजींनी खूप विचार करून सुचवलं, की त्यापेक्षा पुढची पंगत जरा पलीकडे बसवावी.

राजा येसूकडे वळला. "पोरी, तूच उचल बघू."

"उचलते की, महाराज. मग नुसत्या सरदारांवर भागत नाही, असं समजायचं ना?"

येसूने पायाखालच्या वाळक्या पानांकडे बोट दाखवलं.

"तुमच्या वनात रोज हीच पंगत उठते, महाराज. जेवणारे सगळे सरदार. पान उचलणारं तुम्ही कुणी ठेवलंच नाही!"

राजा आधी लाल झाला, मग पोट धरून हसत सुटला. हसता हसता वाकला आणि त्याने स्वतःची पत्रावळ उचलली. झालं! सरदारांची अशी झुंबड उडाली, की पत्रावळ्या कमी पडल्या. प्रधानजींनी तर एकाच्या हातातली ओढून घेतली.

सागाच्या दर दोन रांगांमध्ये करंज आणि शिरीष लागले. रखमाजीची राखण कायम झाली, येसूच्या हातात राजाचं सोन्याचं कडं आलं.

आणि राजवैद्यांचं उरलेलं चूर्ण? ते त्याच संध्याकाळी संपलं. बासुंदी जरा जास्तच झाली होती सरदारांना.