न उचललेला खूर

आश्विन शुद्ध नवमी, दिवसाचा पहिला प्रहर. कुंभवती नगराच्या पूर्वेचे मैदान. राजा पद्मकेतू तेथे राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याच्या पागेत कुंडल नावाचा, घोड्यांची निगा राखणारा मोतद्दार होऊन जन्मला होता.

त्या दिवशी घोड्यांची ओवाळणी असे. आंब्याच्या पानांचे तोरण बांधत आणि राजाचे चाळीस घोडे एकेक करून त्याखालून नेत. जो घोडा तोरणापाशी अडेल तो अपशकुनी. त्याला सूर्यास्ताच्या आत वाघांच्या रानात हाकलून देत.

कुंडलची घोडी तरला अडली.

तिचे अंग आरशासारखे चमकत होते. चमकणारच. गेले पंधरा दिवस पागेत दुसरे काम नव्हते. खरारा करा, तेल चोळा, आयाळ विंचरा, असा अश्वाध्यक्ष विरूढाचा हुकूम होता. राजा दारातूनच डोकावत असे, म्हणून दारातून दिसेल तेवढेच करायचे. वाळू मळकट दिसते म्हणून विरूढाने तीन वर्षांपूर्वी ती उपसून फरशी घातली होती. ती दिवसातून तीनदा धूत आणि घोडे ओल्यात उभे राहत. कुंडल पूर्वी रोज राख घेऊन त्यांचे पाय कोरडे करी. या पंधरवड्यात त्याने राख मागितली, तेव्हा विरूढ सगळ्यांदेखत म्हणाला, "घोड्याचे पाय धुऊन तीर्थ घेतोस की काय रे?" सारे मोतद्दार खो खो हसले. कुंडलने पुन्हा राख मागितली नाही. दसऱ्याला त्याच्या हातात मुख्य मोतद्दाराचे कडे पडायचे होते.

"ओढ पुढे तिला," विरूढ दबक्या आवाजात म्हणाला. "आणि तोंड उघडलेस, तर उद्याचे कडे विसर."

कुंडलने लगाम ओढला. तरलाने उजवा पाय टेकला, लगेच उचलला आणि मान वळवून त्याच्याच खांद्यावर ठेवली. जो तिला ओढत होता, त्याचाच ती आधार घेत होती.

"महाराज, चिन्ह स्पष्ट आहे," पुरोहित म्हणाला. "ही रानात जावी."

कुंडलने लगाम सोडून दिला. तो खाली बसला, तिचा पाय मांडीवर घेतला आणि बांबूच्या कामटीने खुरातला चिखल काढला. आतून काळा पू वाहिला. पुढच्या रांगेतल्या मानकऱ्यांनी शेले नाकाला लावले.

"महाराज, हा अपशकुन नाही. हिचा खूर कुजला आहे. रोज उचलून साफ करावा, पायाखाली कोरडे असावे, एवढेच हिला हवे होते. ते मी पंधरा दिवस केले नाही. हुकूम अध्यक्षांचा, पण हात माझे होते."

"एका घोडीपायी सण नासवतोय हा!" विरूढ ओरडला.

राजा हत्तीवरून उतरला. "बाकीच्यांचे काय?"

"माझ्या शब्दावर जाऊ नका, महाराज. उचलून पाहा."

राजाने चाळीसही घोड्यांचे खूर उचलवले. एकतीस घोड्यांचे खूर सडू लागले होते. तोरणाखालून गेलेले बहुतेक घोडे धडधाकट नव्हते. दुखत असूनही ते मुकाट चालले होते, इतकेच.

तरलाला अभय मिळाले. दिवस मावळण्याआधी पागेत वाळूच्या गाड्या आल्या, विरूढाचे पद गेले. राजाने कडे पुढे केले तेव्हा कुंडल म्हणाला, "यांचे पाय बरे झाल्यावर बघू." आणि तो कडुनिंबाचे पाणी उकळायला गेला.

ही कथा सांगून भगवान म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा विरूढ म्हणजे देवदत्त, राजा म्हणजे आनंद, आणि तो मोतद्दार मी होतो." या जातकातला गुण करुणा. रोज वाकून पाहणारी, आणि आपली चूक न लपवणारी.

तरला अडली त्याआधीच्या दोन ओवाळण्यांत अकरा घोडे वाघांच्या रानात हाकलले गेले होते. त्यांतल्या एकाचा तरी खूर कोणी उचलून पाहिला होता काय, असे राजाने पुरोहिताला विचारले. पुरोहिताने विरूढाकडे बोट केले, विरूढाने पुरोहिताकडे.