मालकाने परत केलेल्या दुपारी

अस्वलं अजून स्वतःच्या हाताने काम करत नव्हती, त्या काळातली ही गोष्ट. एका ढेरपोट्या अस्वलाने मोहाची फुलं वेचायला चाळीस खारी कामावर ठेवल्या होत्या. रोज मूठभर फुलं आणि दुपारी घटकाभर विश्रांती, असं ठरलं होतं. दोन वर्षं झाली तरी दोन्हींचा पत्ता नव्हता.

ठकू नावाची खार एकदा मागायला गेली. अस्वल म्हणालं, "बाकीच्या गप्प आहेत. तुझंच शेपूट कसं दुखतं गं?"

मग ठकूने चाळीसही शेपट्या गोळा केल्या आणि सगळ्याजणी मिळून जंगलातले तंटे सोडवणाऱ्या पंचाकडे, म्हणजे गव्याकडे, गेल्या. तिथे अस्वलाने गळा काढला. "बरीचशी फुलं खाऊन संपली हो! उरलीत त्यातून तुमच्या थकलेल्यापैकी फार तर निम्मी देतो."

"निम्मी चालतील," ठकू म्हणाली, "पण बुडालेली विश्रांती सगळी पाहिजे."

विश्रांती तर फुकटच! अस्वलाने खुशीत पंजा उमटवला आणि निम्मी फुलं देऊन टाकली.

दुसऱ्या दिवशी मोहाखाली फुलांचा सडा पडला आणि चाळीस खारी फांद्यांवर पाय पसरून झोपून राहिल्या.

"अगं उठा, माझी फुलं सडतील!"

"दोन वर्षांच्या दुपारी साठल्यात, मालक," ठकू म्हणाली. "आज कुठे पहिली चालू झालीय."

अस्वल जन्मात पहिल्यांदा वाकलं. वेचता वेचता कंबर धरली, जीभ बाहेर आली. ऊन डोक्यावर आल्यावर ते वर बघून कळवळलं, "ठकूबाई, जरा टेकू का?"

ठकूने एक डोळा उघडला. "टेका की. त्यात विचारायचं काय?"